चाचांची बादली

“हिला दम लागलाय. दोन दिवस सावलीत उभी करा, मग बघू.”

कुणा बाईला चक्कर आली असावी म्हणून मी घाबरून आत डोकावले, तर चाचा चौकटीतून काढलेल्या एका सागवानी दाराबद्दल सांगत होते. कुठलीच वस्तू टाकाऊ नसते, आपली तिच्याशी नीट ओळख झालेली नसते, असं मानणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आखातातल्या हवल्ली भागातल्या त्या साठेक वर्षांच्या बैठ्या घराची दुरुस्ती आमच्या ऑफिसकडे होती. मी तिथली नवी आर्किटेक्ट आणि चाचा रत्नागिरीकडचे, आमचे फोरमन. प्रत्येक दार आपापल्या चौकटीत परत बसावं म्हणून मी नंबर चिकटवले, तर चाचांनी ते सोलून खडूनं नावं लिहिली: सकीना, खाला, मोठी भाभी. “नंबर काय, कुणालाही लागतो. पण सकीना दुसरीच्या घरात जाईल काय?” विजेची जुनी काळी गोल बटणं ते टूथब्रशनं घासत आणि ‘टक्’ वाजलं की बटणाला सलाम करत. मी दिवसभरात दोन-तीन ‘हो’ एवढंच बोले. त्यावर, “गो बाय, तोंडात मेजरटेप धरलंस काय?” त्यांचं स्वतःचं कौलारू घर मात्र मुलांनी पाडून स्लॅबचं केलं होतं. त्याचा फोटो दाखवताना चाचांचा अंगठा नेमका चकचकीत फरशीवर यायचा.

मालकीणबाईंची अट एकच होती, वडिलांनी बांधलं तसंच घर दिसावं. पण हॉलची मोझेक फरशी अंगणाकडे दोन बोटं उतरती निघाली. मी रिपोर्टात लिहिलं, ‘सदोष, बदलावी.’ बाईंनी जड मनानं सही केली.

फोडायचं मशीन आलं त्या सकाळी बाईही आल्या. चाचांनी बादली भरून आणली आणि हॉलच्या वरच्या कडेला ओतली. पाणी कुठंही न साचता सरळ अंगणाच्या दाराशी गेलं आणि उंबऱ्याखालच्या भोकातून बाहेर पडलं. ते भोकही मी ‘तुटलेलं’ म्हणून नोंदवलं होतं.

बाईंनी चपला काढल्या. “धुळीचं वादळ येऊन गेलं की आई असंच पाणी सोडायची,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “आम्ही भावंडं घसरत अंगणात जायचो.” मग वळून विचारलं, “मग ही सदोष कुणी ठरवली?”

रिपोर्टाखाली सही माझी होती. नोकरीला तीनच महिने झाले होते. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच बादलीकडे.

“पेपर मिस्टेक, मॅडम. पेपर ऑल टाइम मिस्टेक.”

हे घर झालं की चाचा कायमचे गावी जाणार होते. मला असं पाठीशी घालणारं मग इथं कुणी उरणार नव्हतं. मशीनवाला प्लग लावायला वाकला.

“चूक कागदाची नाही, मॅडम, माझी आहे,” मी म्हणाले. “फरशी बरोबर आहे. राहू द्या.”