अडीच फुटांवरची हवा

ड्रॉइंग सेक्शनमध्ये माणसं दिवसभर मान खाली घालून बसतात. हात चालू असला की तोंड चालू ठेवायला कोणाची हरकत नसते. त्यामुळे आमच्या ऑफिसात नकाशांपेक्षा किस्सेच जास्त साठले. नकाशे पुढं वाळवीनं खाल्ले. किस्से तेवढे शाबूत राहिले.

आदिलाबादला सरकारी इमारतींचे नकाशे काढणारं आमचं ऑफिस होतं. मी ट्रेसर, म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या रेघेवरून रेघ ओढणारा. माझ्या वर हेड ड्राफ्ट्समन दुर्गे मामा, वांकिडीकडचे. सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणायचं, तेलुगू बोलणारे आमचे वरचे इंजिनियर, डी.ई. साहेबसुद्धा.

मामांनी तीस वर्षं हैदराबादहून आलेले नकाशे उतरवले होते. "शेकडो खिडक्या काढल्या बाप्पा," ते म्हणायचे, "पण माह्या डोक्यातली एकबी नाही." रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं. तेवढ्यात एक तरी खिडकी त्यांना स्वतःच्या मनासारखी बांधून हवी होती. नुसती भिंतीत बसवलेली नाही, बसलेल्या माणसाला हवा देणारी.

*

खरी गंमत म्हणजे आमच्याच खोलीत हवा नव्हती. नकाशांच्या प्रती अमोनियाच्या वाफेवर निघायच्या आणि खोलीला एकच खिडकी, तिच्यापुढं नकाशांचं कपाट. प्रिंट काढायच्या दिवशी आम्हा चौघांच्या डोळ्यांना धारा लागायच्या.

एकदा इंद्रवेल्लीहून एक ठेकेदार आले. दारातून त्यांनी आम्हाला पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात मला विचारलं, "कोण गेलं?"

मामा डोळे पुसत म्हणाले, "अजून कोणी नाही. बसा."

*

हवा कुठून येते आणि कुठं जाते हे पाहायला मामा अगरबत्ती वापरायचे. एकदा आम्ही एका खेड्यातल्या जुन्या, निजामाच्या काळच्या कचेरीत गेलो. मामांनी अगरबत्ती पेटवली आणि एकेका खिडकीपाशी धरून सावकाश फिरू लागले. वर छताजवळ रोशनदान, म्हणजे झरोका होता, धूर सरळ तिकडं निघाला. मामा खुश.

मागं वळून पाहतात तर सगळे कारकून हात जोडून उभे. एकानं चपलासुद्धा काढलेल्या.

"अरे, मी हवा पाहून राह्यलो," मामा म्हणाले.

"पाहा की," हेडक्लार्क म्हणाला, "पण नारळ आणू का, ते सांगा."

परत येताना मामांनी बसच्या खिडकीची काच सरकवली. मग म्हणाले, "त्या जुन्या मिस्त्रीले माहीत होतं रे. हवेले आत येऊन भागत नाही, जायलेबी वाट लागते. आपण दोन्ही भिंतीले कपाटं लावतो आन मंग पंखा मागतो."

*

तालुके फोडून छोटी मंडलं केली तेव्हा सगळ्या मंडल ऑफिसांसाठी एकच नकाशा आला. खिडकीची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर. मामांनी ती खोडून अडीच फूट केली आणि नकाशा डी.ई. साहेबांपुढं ठेवला. समोरच्या भिंतीतही तेवढीच खिडकी काढली होती.

"कायको?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या केबिनची खिडकीही चार फुटांवरच होती.

"साब, जरा खडे रहो खिडकी के पास."

साहेब उभे राहिले. वारा तोंडावर आला.

"अब बैठो."

साहेब बसले. वारा डोक्यावरून गेला. ते पुन्हा उभे राहिले, पुन्हा बसले. असं तीनदा झालं. तेवढ्यात चपराशी चहा घेऊन आला, साहेबांची उठबस पाहिली आणि चहा न देताच परत गेला.

मामा म्हणाले, "सरकारी नौकर बैठ के काम करता साब. हवा खडे आदमी कू मिल रही."

*

साहेबांना पटलं, पण सही करायला ते कचरत होते. खिडकी खाली घेतली तर लोक बाहेरून अर्ज-दरखास्ती आत सरकवतील, हात घालतील, बाबूंना त्रास होईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

मामांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशीही तो चढला नाही. "साब, मेरा बाप दुसरे के खेत में काम करता था," ते म्हणाले. "दरखास्त लेके कचेरी को आता तो दिनभर बाहर खडा रहता. खिडकी इतनी उंची, के अंदर कौन बैठा वो बी नहीं दिखता. किसी का हाथ अंदर आया तो आने दो ना साब."

मी टेबलाशी उभा होतो. मला रडू आलं, आणि त्या दिवशी अमोनिया चालू नव्हता.

साहेबांनी सही केली. "एकही ऑफिस, मामा," ते म्हणाले. "देखेंगे."

*

ते एक ऑफिस मामांच्या रिटायरमेंटच्या दोन महिने आधी पुरं झालं. आणि आठ दिवसांत तक्रार आली, की वाऱ्यानं फायली-मिसली उडतात, म्हणून आम्ही खिडक्या बंद ठेवतो.

मामांनी काही लिहिलं नाही. रविवारी नाल्यावर गेले, पिशवीभर गोल गोटे वेचले, धुतले आणि बस पकडून स्वतः प्रत्येक टेबलावर दोन-दोन ठेवून आले. खिडक्याही स्वतःच उघडल्या.

आठवड्यानं मी तिकडं गेलो तेव्हा तिथला कारकून म्हणाला, "एका मिसलीवर गोटा ठेवायचा राहून गेला, ती उडून थेट इथल्या साहेबाच्या टेबलावर पडली. आमच्या इथं मिसल आपल्या मनानं पुढं गेल्याची पयली येळ."

खिडक्या उघड्या होत्या. पण आणखी किती दिवस उघड्या राहतील, याची मामांना खात्री नव्हती. निरोपाच्या दिवशीही हार घालून घेताना त्यांनी मला तेच विचारलं, "जाऊन पाह्यलं का रे? उघड्या हायेत?"

*

पुढच्या उन्हाळ्यात मामांना नातीच्या एका दाखल्यावर दस्तखत पाहिजे होती. ऑफिस नेमकं तेच. दारात ही गर्दी. मामा इमारतीला वळसा घालून मागच्या खिडकीपाशी गेले आणि कागद हातात धरून उभे राहिले. आत एक नवा बाबू काहीतरी लिहीत बसला होता. तो मामांना ओळखत नव्हता. बराच वेळ त्यानं मान वर केली नाही. मग लिहिता लिहिताच म्हणाला, "ओ काका, बाजूले व्हा. तुमच्यानं हवा अडून राह्यली."

मामा बाजूला झाले. तिथूनच आदिलाबादची बस धरून सरळ आमच्या ऑफिसात आले. शर्ट घामानं भिजलेला, कागद तसाच हातात.

"दस्तखत झाली का मामा?" मी विचारलं.

"दस्तखत राहू दे. तो बाबू काय म्हणाला ते आइक."

त्यांनी हसत हसत सगळं सांगितलं, खिडकी उघडी होती इथपासून. तेवढ्यात डी.ई. साहेब केबिनमधून बाहेर आले, तर मामा उठले आणि त्यांनाही पहिल्यापासून सांगितलं.