मी माझ्या हृदयाची झडप पाहिली

“तुमच्या हृदयात मर्मर ऐकू येतो,” डॉक्टर म्हणाले. मला चौथा महिना लागला होता. मर्मर म्हणजे ठोक्यांबरोबर येणारा रक्ताचा जादा आवाज. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं त्यांनी विचारलं. आला होता. त्या तापानं झडप अरुंद झाली असेल, तर गर्भ ठेवणं जिवावर बेतेल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

खरं काय ते टूडी एको सांगणार होता. टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या शहरातल्या धरमपेठेत ते यंत्र नवंच आलं होतं. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत त्यातलं कोणालाच काही ठाऊक नव्हतं. फक्त शेजारच्या वहिनींची पोटाची सोनोग्राफी झालेली. त्यांनी बजावलं, की भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून जायचं, नाहीतर चित्रच येत नाही. आम्ही ते वेदवाक्य मानलं. दवाखान्यात बसल्या बसल्या सासूबाई मला पेल्यामागून पेला पाजत होत्या. झडपेचं काय निघतं या काळजीनं जीव टांगणीला, त्यात ही दुसरी कळ!

डॉक्टरांना कळल्यावर ते हसूच लागले. “बाई, आम्हाला हृदय बघायचंय. आधी मोकळ्या होऊन या.” तेव्हा तुम्हाला कधी टूडी एको करायचा झाला, तर नेहमीसारखं जेवून खुशाल जा. सुई नाही, की भूल नाही.

डाव्या कुशीवर निजवून छातीवर गार जेली लावतात आणि मुठीत मावेल असं प्रोब नावाचं उपकरण फिरवतात. बरगड्यांमध्ये जरा दाबतात, मधूनच श्वास रोखायला सांगतात. समोर छोटासा काळा-पांढरा पडदा. त्यावर, काय सांगू, माझं स्वतःचं हृदय! नुसतं नाचत होतं. भीती कुठल्या कुठे पळाली. मी सारखी मान वळवून पाहत होते आणि हलू नका म्हणून बोलणी खात होते.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या सासूबाईंनाही राहवेना. “डॉक्टरसाहेब, मले दाखवा न, कोठं अडकून राहिलं ते.”

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. “ही झडप. थोडी जाड झालीय, पण पुरती उघडते.”

“मंग हिचं बाळंतपण होऊन जाईन?”

“होईल. दर महिन्याला दाखवत राहा.”

नर्स कापूस घेऊन आली, तिला सासूबाईंनी हातानंच थांबवलं आणि ठेवणीतल्या साडीच्या पदरानं माझ्या छातीवरची जेली स्वतः पुसून काढली.