होळीत न जळलेलं लाकूड

नदीकाठी सापडलेला, दगड झालेला एक ओंडका मी मुर्री गावातल्या माझ्या घरी आणून अंगणात ठेवला. झाड गाळात गाडलं जातं, पाण्यातली खनिजं त्याच्या नसानसांत भरतात आणि लाखो वर्षांनी त्याचा दगड होतो, हे मी दिसेल त्याला ऐकवायचो.

शेजारची काकू वैतागायची. "गोटाच होय तो. लाकूड लाकूड करून कायले डोकं खाऊन राहिला?"

होळीला मोहल्ल्यातल्या पोरांनी रिवाजाप्रमाणे अंगणाअंगणांतली लाकडं चोरली, त्यात माझा ओंडकाही गेला. सकाळी राखेत तो जसाच्या तसा! दुपारपर्यंत शेंदूर लागला, नारळही फुटला. काकू हात जोडून उभी.

मी ओरडलो, "काकू, दगड आहे तो, जळेल कसा?"

"चूप बस! वर्षभर तूच तं सांगून राहिला होता, लाकूड होय म्हणून."