यंदा घट नाहीत

आमच्या समोरच्या घरातले रमाकांतराव आणि इंदिरा दर वर्षी इटलीला निघायचे आणि दर वर्षी बारामतीतच राहायचे.

इंदिरा आणि मी एकाच मुलींच्या शाळेत. ती चित्रकला शिकवायची, मी गणित. शाळेच्या कपाटात इटलीतल्या जुन्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्यातली पानं ती मुलींना दाखवायची आणि स्वतःच बघत बसायची. छापील निळा हा खोटा निळा असतो, असं तिचं म्हणणं. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात जाऊन खरा निळा बघायचा, एवढी एकच हौस तिने आयुष्यभर बाळगली. मला निळ्यात खरंखोटं काय असतं ते आजही कळत नाही. तिला कळायचं.

रमाकांतराव पाटबंधारे खात्यातले. कालव्याला पाणी कधी सोडायचं, किती दिवस चालू ठेवायचं, हे ठरवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे घरचं साधं लग्नाला जाणंसुद्धा ते तसंच आखायचे. दोघं निवृत्त झाल्यावर त्यांनी इटली हाती घेतली. उन्हाळ्यात तिकडे ऊन आणि गर्दी. थंडीत आमचे गुडघे धरतात. एप्रिलमध्ये त्यांचा सण, हॉटेलं भरलेली. उरला ऑक्टोबर. हवा बेताची, रांगा कमी, साठीच्या पुढच्या माणसाला हाच महिना. मलाही त्यांनी यादीत घेतलं होतं, "कुमुदताई, तुम्ही हिशेबाला बऱ्या." हॉटेलला लिफ्ट हवी, न्हाणीघरात धरायला दांडी हवी, दुपारी दोन तास आडवं व्हायला मिळालं पाहिजे, आणि एका दिवसात एकच संग्रहालय, तेही एकदाच. तिथले रस्ते दगडी आहेत असं कळल्यावर त्यांनी आम्हा दोघींना नवे बूट घालून कालव्याच्या काठच्या पिचिंगवर, म्हणजे उतारावर बसवलेल्या दगडांवर, चालायला लावलं. आम्ही बॅगा ओढतोय आणि रमाकांतराव पुढे हात मागे बांधून. येणारेजाणारे थांबून बघायचे. इंदिरा हसून हसून बेजार व्हायची, मी मनातल्या मनात शिव्या द्यायचे.

एवढं सगळं होऊन घोडं अडायचं ते घटांपाशी.

ऑक्टोबर म्हणजे पितृपक्ष, घट, दसरा, पाठोपाठ दिवाळी. रमाकांतराव घरातले थोरले, घट त्यांच्याकडे. नवरात्रात अखंड दिवा, माळ, आणि घट बसले की घराला कुलूप लावायचं नाही. पणदऱ्याला त्यांचं थोडं रान आहे, ते रामहरी आणि प्रयागबाई बघतात. घटाची काळी माती तिथूनच यायची. पितृपक्ष सरत आला की प्रयागबाई भाजीच्या पाटीत माती घेऊन हजर. माती आली की आमची इटली गेली, हे मला पाठ झालं होतं.

केयूर, त्यांचा मुलगा, पुण्यात असतो. तो म्हणायचा, "बाबा, एक वर्ष घट माझ्याकडे बसवतो. व्यवस्थित करीन सगळं." रमाकांतराव मान हलवायचे. "घट एकदा घराबाहेर गेले की परत येत नाहीत रे." म्हणजे आपलं थोरलेपण संपलं, आता आपण म्हातारे. हे ते बोलायचे नाहीत, पण कळायचं. इंदिरा मूग गिळून बसायची. मला तिचा राग यायचा. शाळेत मुख्याध्यापकांशी भांडून रंगाच्या पेट्या आणणारी बाई घरात एवढी मऊ कशी पडते, असं मी तिला तोंडावर विचारलंय. ती म्हणायची, "जाऊ दे गं. फ्लॉरेन्स कुठं पळून जातंय?"

फ्लॉरेन्स नाही पळालं. गेल्या वर्षी थंडीत आम्ही भिगवणला रोहित पक्षी बघायला गेलो. होडीवाला दाखवतोय, रमाकांतराव दाखवतायत, समोर पाण्यात थवाच्या थवा उभा, आणि इंदिरा विचारतेय, "कुठंयत?" मग तिने मान जरा वळवली आणि म्हणाली, "हां, कडेचे दिसतायत." परत येताना हॉटेलात मासळीचं ताट पुढे आलं, त्याला रमाकांतरावांनी हात लावला नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा मधोमध झिजतोय. जिथं नजर लावाल तेच पुसट होणार, कडेचं दिसत राहणार. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेतलं तर आहे ते टिकेल. खाडा करायचा नाही. काय बघायचं असेल ते लवकर बघून घ्या, असंही ते म्हणाले.

त्या आठवड्यात रमाकांतराव स्वतः माझ्याकडे आले. बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "यंदा घट केयूरकडे. मी त्याला सांगून टाकलं." त्यांचे डोळे भरून आले होते. मी पंख्याकडे बघत राहिले. मोठ्या माणसाला रडताना बघायचं नसतं. ऑक्टोबरची तिकिटं निघाली, तिघांची. इंदिराला न विचारता त्यांनी संग्रहालयाचे दोन दिवस ठेवले, एक नुसतं बघायला आणि एक पुन्हा बघायला. आपल्याच नियमाबाहेर गेलेले मी त्यांना तेवढंच पाहिलं.

जूनमध्ये सकाळी कालव्यावर फिरायला गेले ते तिथेच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

मग घरात नात्यातल्या बायका आल्या. नवरा गेलेल्या बाईने महिना होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. एका चुलत जावेने तर सव्वा महिना सांगितलं. केयूर बिचारा बापाच्या जाण्याने पार खचलेला, काकू सांगतील त्याला हो म्हणत होता. मी डोळ्याच्या इंजेक्शनचं काढलं तर मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला आमच्यातलं कळायचं नाही." पुढे इंदिराच म्हणायची, "जाईन गं, मला दिसतंय." पुण्याला जायला ती काही ना काही निमित्त काढून टाळत राहिली. त्यांच्याशिवाय त्या दवाखान्याची पायरी चढवत नाही, एवढं एकदा बोलली.

तिकिटं रद्द करायची असंच सगळे धरून चालले होते. पितृपक्षात प्रयागबाई आली. पाटीत वांगी, गवार, दोडके. ती ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "बाई, यंदा माती न्हाय आणली."

"बरं केलंस," इंदिरा म्हणाली. घरातलं माणूस गेलं की वर्ष सरेपर्यंत त्यांच्याकडे घट बसत नाहीत. केयूरकडेही नाहीत.

प्रयागबाई पाटीतली भाजी काढून ठेवू लागली. "दादा लई बोलायचं त्या तुमच्या गावाचं. आमच्या ह्यांना बांधावर बसून सांगायचं, तितं रस्ता कसा हाय, जिना कसा हाय. यंदा जावा की बाई. घर बंद ठिवायला कोण न्हाय म्हणतंय? दिवा न्हाय, काय न्हाय."

ती निघून गेल्यावर इंदिरा दोडके हातात घेऊन बसली होती. मग म्हणाली, "कुमुद, एवढ्या वर्षांत पहिला ऑक्टोबर मोकळा मिळाला. ते गेले म्हणून मिळाला. मला असा नको होता गं." आणि ती रडली. तेराव्यालासुद्धा रडली नव्हती इतकी रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात.

आम्ही दोघी गेलो. नात्यात बोलणी झाली, होऊ देत. रमाकांतरावांनी आखलं होतं तसंच सगळं केलं. लिफ्टचं हॉटेल, दुपारची झोप, एका दिवसात एकच संग्रहालय. दगडी रस्त्यावर इंदिरा माझा हात धरून चालत होती. कडेच्या सायकली, दुकानांच्या पाट्या तिला दिसत होत्या, त्यामुळे मी निर्धास्त होते.

संग्रहालयात ती एका चित्रासमोर उभी राहिली. बागेत बसलेली मुलगी, समोर गुडघ्यावर टेकलेला देवदूत. शाळेच्या पुस्तकात हे पान मळलेलं होतं, मुलींची बोटं लागून. मुलीच्या मांडीवरून उतरलेलं निळं वस्त्र मी बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, इंदिरा म्हणत होती त्यात काहीतरी होतं. ती हलेना. लोक येत होते, जात होते. ती हळूच मान डावीकडे न्यायची, उजवीकडे न्यायची, पुन्हा समोर. तिला मनसोक्त बघू दे म्हणून मी मागे बाकावर बसून राहिले. आज रमाकांतराव हवे होते, असं वाटलं.

बाहेर आल्यावर नदीकाठच्या कठड्याशी बसलो. मी म्हटलं, "झालं ना मनासारखं?"

"कुमुद, मधोमध काहीच नाही," ती म्हणाली. "चौकट दिसते. कडेला झाडं असावीत असं वाटतं. निळा होता का गं?"

"होता," म्हटलं. "फार चांगला होता."

"कधीपासून गेलं हे?" मी विचारलं.

"श्रावणातच कळलं होतं मला. सांगितलं असतं तर येऊ दिलं नसतं तुम्ही. वाटलं, एवढं मोठं चित्र आहे, थोडं तरी दिसेल." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "केयूरला नको सांगूस. महिनाभर मला घरात बसवलं, तेव्हा तो हो म्हणाला होता. बाप तर गेलाच, आईचे डोळेही आपल्यामुळे गेले, असं त्याच्या डोक्यात नको."

मला त्या जावांचा, त्या सव्वा महिन्याचा, खुद्द इंदिराचा असा संताप आला की तिला तिथे धरून हलवावं. पण मी नुसता तिचा हात धरला. तेवढ्यात केयूरचा फोन आला.

"आई, बघितलीस का चित्रं?"

"बघितली रे बाळा," ती म्हणाली. "पोटभर बघितली. छापील निळा खोटाच असतो, मी म्हणत नव्हते?" मग तिने फोन माझ्या हातात दिला आणि मीही त्याला तेच सांगितलं.