ज्याला हवं त्यानं मागावं

वाचनालयातले सगळे संगणक ज्याच्या ताब्यात होते, त्याला लोक पाठीमागे ‘कात्री’ म्हणत. समोर अर्थात ‘सर’. कुठल्याही प्रोग्रामसोबत एक भाग अत्यावश्यक येतो आणि एक नुसता ‘शिफारस’ म्हणून. कात्रीने फर्मान काढलं: शिफारस बंद!

“म्हणजे कसंय,” गळ्यातलं ओळखपत्र कुरवाळत तो म्हणे, “डिस्क म्हणजे धर्मशाळा नव्हे. ज्याला हवं त्यानं मागावं. निवडीचं स्वातंत्र्य आहे!”

निम्मी डिस्क मोकळी पडली. रोज सकाळी ती रिकामी जागा बघून गडी असा फुले, जणू मुलुख जिंकलाय. त्या जागेचं करणार काय, हे विचारायची सोय नव्हती.

या छाटणीत पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाजही गेला. कात्रीच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, सगळा भार त्या आवाजावर. नजर गेली तशी तिची टायपिंगची नोकरी गेली होती. आता दुसरी मिळायच्या बेतात होती. तिची चाचणी शुक्रवारी दुपारी, वाचनालयातल्याच मशीनवर. कुणाची मदत घ्यायची नाही, अशी अट.

अक्काने हेडफोन लावला. आत शुकशुकाट.

“अरे, हे मुकं झालंय!”

“मुकं नाही अक्का, हलकं झालंय.”

“मग जरा जड कर की बाबा. चाचणी सुरू होईल माझी.”

“त्यात काय! पडद्यावर खिडकी येते, आवाजासमोर खूण करायची. इतकं ठळक ठेवलंय, आंधळ्यालासुद्धा—”

तो थांबला. लाज वाटून नव्हे, शिंक आली म्हणून.

ग्रंथपालबाई काउंटर सोडून आल्या आणि त्यांनीच खूण केली. पडद्यावर उमटलं: ‘विनंती नोंदवली. मंजुरीची वाट पाहा.’

“मंजुरी कोण देतं, सर?”

“मीच.”

“मग द्या ना!”

“सोमवारी. मंजुऱ्या सोमवारीच बघतो. त्यातून घरचं माणूस! लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, भाऊ आहे,” अक्का म्हणाली. “लहानपणी माझ्या दप्तरातल्या वह्या काढून फेकायचास आणि वर म्हणायचास, ‘ओझं कमी केलं.’ वाढलास रे नुसता, मोठा काही झाला नाहीस.”

“तत्त्व म्हणजे तत्त्व, अक्का.”

चाचणीची वेळ गेली. पान कोरंच राहिलं. भिंत चाचपडत अक्का बाहेर पडली, ती पुन्हा तिथे फिरकली नाही.

सोमवारी कात्रीने ऐटीत विनंती उघडली, शिपायाला विचारलं, “अर्जदार बाई आल्यात का?” आणि ‘अर्जदार गैरहजर’ म्हणून नामंजूर केली.

महिनाअखेरीच्या बैठकीत तो उभा राहिला. “आवाजाला मागणी? शून्य! एकही माणूस वापरत नाही.” माना डोलल्या. ग्रंथपालबाईंनी तोंड उघडायच्या आत वरच्या साहेबांनी शाबासकीही देऊन टाकली.

“मग आता,” कात्री म्हणाला, “मोठी अक्षरं बघू या. तीही फार जागा खातात.”