कोंडाजीचा 'हो'

काळजी करण्यात कोंडाजीचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. कांदा लावला की पाऊस येतो का नाही याची काळजी, आणि पाऊस आला की कांदा सडतो का काय याची. लेकीच्या लग्नात मांडव पडेल म्हणून तो आदल्या दिवशी खांब हलवून बघत होता, आणि शेवटी हलवून हलवून एक खांब खरंच सैल झाला. त्याची बायको कुशाबाई म्हणायची, "घरची काळजी सरली, तर तुमी शेजाऱ्याची उसनी आणून कराल."

अशा माणसाला स्वराजने पाहुणे फिरवायच्या कामावर घेतलं, याला काय म्हणावं?

स्वराज त्याच्या भावकीतला पुतण्या. चाकणच्या कंपन्यांचे पत्रे जिथे संपतात, तिथून डोंगराच्या पायथ्यापर्यंत माळ पसरला आहे. त्या माळावर स्वराजने दोन झोपड्या, एक झोपाळा आणि पिठलं-भाकरीची चूल मांडली होती. एवढ्यावर शहरातलं माणूस येत नाही हे कळल्यावर त्याने एटीव्ही आणल्या. गावात त्यांना चारचाकी फटफटी म्हणत. रुंद टायरांची, बसक्या अंगाची, बुटक्या बैलासारखी गाडी. उजव्या मुठीपाशी एक खटका असतो. तो अंगठ्याने दाबला की गाडी पळते, अंगठा सुटला की थंडावते. पुनावळ्याकडची, पिंपरीकडची माणसं सुट्टीच्या दिवशी यायची आणि एकापाठोपाठ एक रांगेने माळ, ओढा, टेकाड फिरून धुळीने माखून आनंदाने परत जायची. पुढच्या गाडीवर कोंडाजी.

त्याला घेतलं होतं ते वाट माहीत म्हणून. पण कोंडाजीचं खरं नाव झालं होतं ते बैलांमुळे. आमच्या भागातल्या शर्यतीत गाड्यावर माणूस बसत नाही. बैल सुटतात ते घाट, म्हणजे शर्यतीची चढाची वाट, चढून थेट वर जातात. वर कुणीतरी त्यांना आवरावं लागतं, नाहीतर जोडी पलीकडे कुठे जाईल याचा नेम नाही. कोंडाजी तिथे उभा राहायचा. दोन्ही हात आडवे-उभे फेकत, पोटातून आवाज काढत तो "हो! हो! हो!" करायचा, आणि उधळलेली जोडी त्याच्यापुढे येऊन फुरफुरत उभी राहायची. माणसं म्हणत, कोंडाजीच्या 'हो'ला लगाम आहे. त्याच्या स्वतःच्या हरण्या आणि पाखऱ्या या बैलांना तर कासराही लागत नसे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे होकार द्यायचा तर माणूस 'व्हय' म्हणतो. 'हो' हा शब्द बैलाचा. थांब, दम खा, घाबरू नको, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. कोंडाजीने जन्मात कुणा माणसाला 'हो' म्हटलं नव्हतं.

मग रान कंपनीच्या प्लॉटात गेलं, चारा विकत आणावा लागला, आणि बैलही गेले. राहिला तो आवाज, आणि आता समोर आली बिनकानाची गाडी. पहिले काही दिवस कोंडाजी ब्रेक दाबायचा आणि वर "हो" असंही म्हणायचा. स्वराज हसून बेजार व्हायचा.

"तात्या, ती ऐकत न्हाई. निस्ता ब्रेक दाबा."

"मला कळतंय रं. तोंडाला कळत न्हाई."

स्वराजने त्याला खुणा शिकवल्या. एक हात वर म्हणजे थांबा. हात डावीकडे म्हणजे डावीकडे. पाहुण्यांनाही निघण्याआधी त्याच खुणा सांगायच्या. कोंडाजी त्या नीट सांगायचा, पण त्याच्या मनाला त्यात भरवसा नव्हता. बैल पुढे असतात, आपण मागे. त्यांच्या कानांवरून आपल्याला सगळं कळतं. इथे आपण पुढे आणि जिवंत माणसं पाठीमागे. मागे काय चाललंय ते दिसत नाही, आवाज पोचत नाही. फेरी संपवून घरी आल्यावरही कुशाबाईने वाढलेली भाकरी तो निम्मीच खाई.

त्याची सगळ्यात मोठी धास्ती होती खाणीची. टेकाडामागे वाटेला फाटा फुटतो. डावीकडची वाट अरुंद, दगडगोट्यांची, तीच खरी. सरळ जाणारी वाट रुंद आणि सपाट, कारण एके काळी तिथून खडीचे डंपर जात. ती थेट जुन्या दगडखाणीच्या तोंडाशी जाते आणि तिथे संपते. खाली पाणी. स्वराजने काठावर खुंट्या ठोकून लाल पट्टी बांधली होती. पण पावसाळा सरला, गवत छातीला लागलं, आणि खुंट्या त्यात बुडून गेल्या.

"स्वराज, गवत कापल्याबगर त्या बाजूला मानसं न्यायची न्हाईत," कोंडाजी दसऱ्यापासून म्हणत होता.

"कापू ना तात्या. पट्टी हाय की तिथं. टेकाडावरनं फोटो चांगला येतो, लोकं तेच तर मागतात."

त्या रविवारी आलेलं कुटुंब तिघांचं होतं. नवनाथ चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. त्याची बायको विजयश्री जन्मापासून पिंपळे गुरवची, आता पुनावळ्याच्या फ्लॅटात राहणारी, एका आयटी कंपनीत कामाला. आणि नवनाथची आई दुर्गाबाई, परभणीकडच्या गावाहून लेकाकडे आलेल्या. म्हातारीला चार भिंतींत कोंडल्यासारखं होतंय म्हणून लेकाने हिरवं रान दाखवायला आणलं होतं.

दुर्गाबाईंनी गाडीकडे एकदा बघितलं आणि पदर खोचला. "मी नवनाथच्या मागं नाही बसायची. कामून इतकी पळवतो तो, कुणास ठाऊक. सुनंच्या मागं बसते. ती जपून चालवती."

विजयश्री हसली. तिने हेल्मेट घातलं, तेव्हा खालून जाड लांब वेणी पाठीवर आली. कोंडाजीने खुणा सांगितल्या, एकदा सांगून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा सांगितल्या. मग त्याने म्हातारीच्या पायाखालची पट्टी हाताने दाबून बघितली.

"आजी, घट धरून बसा. सुनंला धरा."

"धरते बाबा. तू पुढं बघ."

ओढ्यापर्यंत सगळं ठीक गेलं. कोंडाजी दर वळणावर मान वळवून बघत होता, इतका की मान अवघडली. ओढा ओलांडल्यावर नवनाथ मागे राहिला. त्याला बगळ्यांचे फोटो काढायचे होते. त्याने हातानेच 'व्हा पुढे' अशी खूण केली. रांग तुटली. मागच्यासाठी थांबावं तर पुढच्या बायका उन्हात, पुढच्यांना न्यावं तर मागचा एकटा. तो टेकाडापर्यंत आला आणि फाट्यावर त्याने गाडी उभी केली. एक हात वर. विजयश्रीनेही शहाण्या पोरीसारखी गाडी थांबवली.

सरळ वाटेकडे बघून त्याला बरं वाटेना. गवत वाऱ्याने हलत होतं आणि त्यात लाल असं काहीच दिसत नव्हतं.

"हितंच थांबा, ताई. पट्टी हाय का बघून येतो."

तो चालत गेला. काठाशी जाऊन गवत बाजूला केलं. खुंट्या होत्या, पट्टी नव्हती. कुणीतरी गवताचा भारा बांधायला नेली असणार. सुंभापेक्षा मजबूत, आणि फुकट. कोंडाजीने मनातल्या मनात त्या भारेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो तसाच काठाकाठाने बाजूला सरकत गेला, दुसऱ्या टोकाला तरी काही उरलंय का बघायला.

इकडे फाट्यावर ऊन चटकत होतं. सावलीला झाड नव्हतं, आणि दुर्गाबाईंनी दोनदा पाणी मागितलं. पाण्याची बाटली होती नवनाथकडे. विजयश्रीने बघितलं, समोरची वाट चांगली रुंद आहे, तात्याही तिकडेच गेले आहेत. सासूबाईंना उन्हात बसवण्यापेक्षा हळूहळू पुढे घ्यावं. तिने खटका दाबला.

आवाज ऐकून कोंडाजीने मान वळवली. गाडी सरळ वाटेने येत होती. तो बाजूला, काठापासून जरा वरच्या अंगाला. आणि गाडी व पाणी यांच्यामध्ये नुसतं हलणारं गवत.

विजयश्रीने त्याला बघितलं. तिने वेग कमी केला आणि ओरडून विचारलं, "तात्या, इकडूनच येऊ ना?"

त्या क्षणी कोंडाजी शिकवलेल्या सगळ्या खुणा विसरला. त्याचे दोन्ही हात वर गेले आणि पोटातून आवाज आला.

"हो! हो! हो!"

विजयश्रीने मान हलवली आणि खटका दाबला.

गाडी पुढे सरली तसा कोंडाजी पळत सुटला. पळता पळता हात फेकत होता, घाटाच्या माथ्यावर फेकायचा तसे. "हो! हो! अगं हो!" तो जितका जिवाच्या आकांताने ओरडे, तितकी ती पोर घाईने येई, तात्या इतके बोलावतायत म्हणजे काहीतरी दाखवायचं असेल, असंच तिला वाटलं. कोंडाजीला कळेना, हा आवाज आयुष्यात कधी वाया गेला नाही आणि आज याला झालंय काय. थांब हा साधा शब्द त्याच्या तोंडाशी आलाच नाही. घसा फुटत होता आणि त्यातून एकच अक्षर बाहेर पडत होतं.

तो वेळेवर पोचणार नव्हता, हे त्याला धावतानाच कळलं.

ऐकलं ते मागे बसलेल्या दुर्गाबाईंनी. त्यांना पुढचं काहीच दिसत नव्हतं. सुनेची पाठ आणि हेल्मेट, बस. पण त्यांच्या सासरी चार बैल होते, आणि धन्याने असा 'हो' घातला की नांगर जागच्या जागी उभा राहतो, हे त्यांच्या हाडात होतं. हा माणूस गाडी थांबवतोय. सून तर पळवतेय. ब्रेक कुठे असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी समोरची वेणी दोन्ही हातांनी धरली आणि कासरा ओढावा तशी मागे खेचली.

विजयश्री किंचाळली. तिची मान मागे गेली, हात सुटले, अंगठा निघाला. गाडी थोडी रेंगाळली आणि गवतात उभी राहिली.

कोंडाजी आला तो थेट चावीवर. चावी काढून त्याने मुठीत आवळली आणि मग पुढच्या चाकासमोरचं गवत हाताने दूर केलं. चाकापुढे खाट मावेल एवढीसुद्धा जमीन नव्हती. खाली हिरवं पाणी स्वस्थ पडलं होतं.

"आई, काय केलंत हे?" विजयश्री डोकं धरून म्हणत होती. मग तिने समोरचं पाणी बघितलं. "तात्या, मी तुम्हाला विचारलं ना? तुम्हीच तर हो म्हणालात."

काय म्हणाली ती हे कोंडाजीला समजायला थोडा वेळ लागला.

"अगं बाई," दुर्गाबाई म्हणाल्या, "ते बैलाला म्हणत होते."

कोंडाजीने दोघींना उतरवून मागे नेलं, गाडी एकट्याने मागे ओढली. परतीला कुणी गाडीवर बसायला तयार होईना. नवनाथला वाटेत गाठून त्यालाही उतरवलं आणि सगळे पायीच माळावर आले. कोंडाजी सगळ्यांच्या मागून चालला, सगळे डोळ्यांपुढे राहावेत म्हणून.

स्वराज धावत पुढे आला. काय झालं ते कळल्यावर "आता मी लगीच माणूस लावतो, गवत..." असं काहीतरी म्हणू लागला. कोंडाजीने सगळ्या गाड्यांच्या चाव्या खिळ्यावरून काढल्या आणि कोपरीच्या खिशात घातल्या.

"तारेचं कुंपण झाल्यावर माग. तवर न्हाई."

"तात्या, दिवाळीचं बुकिंग..."

"न्हाई म्हनलं ना."

जन्मभर काळजी करणारा हा माणूस त्या वेळी मात्र अगदी शांत होता.

विजयश्री झोपडीच्या ओट्यावर बसली होती. इतका वेळ ती धीराची वाटत होती, सासूला पाणी दिलं, नवऱ्याला सगळं नीट सांगितलं. चहाचा कप हातात आला आणि तिचे हात थरथरायला लागले. चहा कपड्यांवर सांडला, कप खाली ठेवला तरी हात थांबेनात. मग खांदे हलायला लागले, दात वाजायला लागले. नवनाथ नुसताच "विजू, विजू" करत उभा राहिला.

कोंडाजी पुढे गेला. माणसाला काय म्हणून धीर द्यायचा हे त्याला कधीच नीट जमलं नव्हतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, आणि विजेच्या कडकडाटाला बिथरलेल्या पाखऱ्याजवळ बसायचा तसा, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "हो... हो... हो..."

तिने त्याच्याकडे बघितलं. खांदे हळूहळू उतरले. हात मांडीवर टेकले आणि तिथेच राहिले. ती रडायला लागली, पण थरथर थांबली होती. दुर्गाबाई शेजारी बसून होत्या, आणि सुनेची वेणी त्यांनी पुन्हा हातात धरली होती.