रनाळ्याच्या नाल्यावरचं प्रोजेक्ट

यशवंत गेल्याचं मला त्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर कळवलं. शेवटपर्यंत सरांजवळच होतो, म्हणाला. सख्खी बहीण मी... रडू फुटायच्या आधी मनात आलं, हा कसा जवळ होता? आमच्या यशाच्या, यशवंताच्या बाबतीत हेवा माझ्या पाचवीलाच पुजलेला.

रनाळ्यात आम्ही पाठोपाठची भावंडं. बीजगणित त्याला मी शिकवलं, मॅट्रिकला गणितात गुणही मलाच जास्त. तरी साठ साल उजाडायच्या आधी पुण्याला इंजिनिअरिंगला गेला तो. "पोरगीले पुनाले कोन धाडस?" वडील एवढंच बोलले आणि माझ्यासाठी स्थळं बघू लागले.

एका उन्हाळ्यात यशा दोन मित्रांना घेऊन घरी आला. सोबत कॉलेजातून मागून आणलेली, जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण. त्यांच्या सरांनी बजावलं होतं, पुस्तकातला पूल नको. गावची अडचण शोधा, मोजा, मग उत्तर काढा. यशाने गावाबाहेरचा नाला निवडला. पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीतल्या मुलांची शाळा बुडायची. मी आकड्यांची उंच पट्टी धरून नाल्यात उभी राहायची आणि काठावर ते तिघं भांडायचे, खोडायचे, पुन्हा मोजायचे, चुकले की हसायचे... चुकायचीसुद्धा मुभा होती त्यांना! माझी भाकरी करपली तरी घर डोक्यावर घ्यायचे सगळे. एका दुपारी मी पट्टी खाली टाकली.

"यशा, मन्हा जीव जळस तुले देखीसन."

मित्रांनी माना खाली घातल्या. यशा समजूत घालेल असं वाटलं होतं.

"माले माहीत शे, आक्का," तो म्हणाला. "ये, तू देख."

दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. मी सावकाश आकडा वाचला. यशा खाली उतरला, पट्टी उचलली आणि ऊन कलेपर्यंत माझ्या जागी तोच उभा राहिला.

त्या आराखड्यावरून गावाने पुढे नाल्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, बांधली. तोवर माझं लग्न होऊन मी नवापूरला. पहिल्यांदा फरशी ओलांडली ती माहेरपणाला, कडेवर मूल घेऊन. जो तो यशाचं कौतुक करत होता. मीही केलं, आणि आतून चरफडले. नंतर तो प्राध्यापक झाला, जन्मभर पोरांना अशाच नाल्या-विहिरींवर धाडत राहिला. दिवाळीला आला की त्यांचे प्रताप सांगायचा. मी चकल्या तळत पाठमोरी ऐकायची, पण एक शब्द सुटू द्यायची नाही.

परवा त्याच्या घरी गेले. वहिनी अजून पुढच्या खोलीला कडी लावत नाही. त्याच्या कॉलेजातली मुलं येतात, यशाच्या मोठ्या टेबलावर कागद पसरून बसतात. एक मुलगी एकटीच रेघा ओढत होती.

"तुला भाऊ आहे का गं?" मी विचारलं.

"आहे ना, धाकटा. मी ड्रॉइंगला बसले की चहा तोच करतो."

...तिचाही हेवा वाटला मला. यशाची खुर्ची ओढून मी तिच्याजवळ बसले.

"हं," तिच्या कागदावर बोट ठेवून म्हटलं, "पहिल्यापासून सांग."